एकरी दोन ट्रॅक्टर खंत

‘पेरणीआधी एकरी दोन ट्रॅक्टर चांगलं कुजलेलं खंत टाकावं.’

हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बिनघोर पुढं गेलो. आता सांगायला लाज वाटते, पण मी प्रूफं तपासून पोट भरतो. परभणीत घरी बसून एका शेती मासिकाची, अधूनमधून कुणाच्या काव्यसंग्रहाची आणि चैत्र-वैशाखात लग्नपत्रिकांची. टिंब गेलं की भांड्याचं भाडं होतं, पंतांची पत होते. आणि नको तिथं आलं की काय होतं ते वर दिलंच आहे. अंक छापून गेला, टपालात पडला. ते टिंब माझ्या हातून सुटलं कारण माझ्या टेबलावर एक नवाकोरा मॉनिटर उभा होता, चोवीस इंची.

तो घ्यायची अवदसा मानेमुळं आठवली. लॅपटॉप साडेपंधरा इंची, जुना. दिवसभर त्यात मान खुपसून बसलं की संध्याकाळी मान आपली राहत नाही. संभाजीनगरचा भाचा म्हणाला, ‘मामा, मोठा मॉनिटर लावा, राजासारखं बसून वाचा.’ त्यानंच तो घेतला आणि जालना, मंठा, जिंतूर करत एसटीनं मांडीवर घेऊन आला. मे महिना, बाहेर त्रेचाळीस अंश. कंडक्टरनं खोक्याकडं बघून ‘ह्याचं अर्धं काढायचं का फुल?’ असं विचारलं म्हणे. भाच्यानं एचडीएमआय केबल खोचली, चित्र आलं. वॉलपेपरवरचा डोंगर असा काही देखणा दिसला की आईसुद्धा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बघायला आली. भाचा धपाटे खाऊन परतीच्या गाडीनं गेला.

मग मी प्रूफ उघडलं.

डोंगराचं आणि अक्षराचं वेगळं असतं. डोंगर थोडा धुक्यात असला तर शोभूनच दिसतो. अक्षराला ती सोय नाही. शिरोरेषा जाड आणि राखाडी झाली होती, पाटीवरची रेघ ओल्या बोटानं पुसत न्यावी तशी. ‘घ’ आणि ‘ध’ सख्खे भाऊ, ‘भ’ आणि ‘म’ जुळे. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ असून नसल्यासारखी. आणि अनुस्वार? जुन्या विंडोजबरोबर येणाऱ्या देवनागरी फॉन्टचं नाव मंगल. त्या मंगलच्या डोक्यावरचं टिंब आहे की काचेवर माशी बसून गेली, ते मला नखानं खरवडून बघावं लागत होतं.

आमच्या घरात कशाचंही निदान करायला वेळ लागत नाही. आई म्हणाली, ‘पन्नाशी आली. डोळ्यात पडदा यायलाय.’ बायको म्हणाली, ‘अहो, मी कधीची सांगतेय, रात्री मोबाइल बघत जाऊ नका.’ मी म्हटलं, लॅपटॉपवर तर स्वच्छ दिसतंय. त्यावर दोघींचं एकमत झालं, असं आमच्याकडं वर्षातून एकदा होतं: लॅपटॉप जवळ आहे, हा लांब आहे, जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही, म्हणजे डोळेच गेले. ह्यातली चूक मला सापडेना. मी भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला. तो म्हणाला, ‘मामा, मला तर एकदम क्लिअर दिसतंय.’ त्यानं फोनवर माझा लॅपटॉप लांबून ताब्यात घेतला, ड्रायव्हर अपडेट केला, दोनदा रिस्टार्ट करायला लावला, आणि पुन्हा तेच: ‘क्लिअर आहे.’ (स्क्रीनशॉट लॅपटॉपच्या पोटात निघतो, मॉनिटरच्या काचेवर काय उमटलं ते त्याला कळत नाही, ही अक्कल मला नंतर आली.) सगळ्या दुनियेला स्वच्छ दिसत होतं. न दिसणारा मी एकटाच.

डोळ्यांच्या दवाखान्यात नाकावर ती लोखंडी चौकट चढवली. भिंग बदललं की प्रश्न: ‘आता बरं की आता?’ टक्. ‘आता? की आता?’ पहिल्या चार भिंगांना मी प्रामाणिक उत्तरं दिली, पाचव्यापासून डॉक्टरांचा चेहरा बघून द्यायला लागलो. पाव नंबर वाढला. पन्नाशीच्या माणसाचा पाव नंबर कधीही वाढलेलाच निघतो. चष्म्याचे तीन हजार दोनशे गेले. घरी येऊन नवा चष्मा लावला आणि मॉनिटरसमोर बसलो. आधी धूसर अक्षरं धूसर दिसत होती, आता धूसर अक्षरं स्वच्छ दिसायला लागली.

मग केबल. स्टेशन रोडच्या दुकानदारानं माझी केबल दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखी धरली. ‘काका, हे लोकल आहे. ही घ्या, गोल्ड प्लेटेड.’ साडेसहाशे रुपये. जुनी निळ्या टोपीची, पंधरा टाचण्यांची व्हीजीए असती तर त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. तिच्यातून चित्र विजेच्या चढउतारानं जातं, केबल वाईट असली की अक्षरं फेसाळतात. एचडीएमआयचं तसं नाही. तिच्यातून आकडेच जातात. ती बिघडली तर पडद्यावर ठिपके चमकतील, चित्र ये-जा करील, नाहीतर अजिबात येणार नाही. पण गुपचूप ‘घ’चा ‘ध’ करायचं काम तिला जमत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर साडेसहाशे वाचले असते. सोन्याची केबल आजही टेबलामागं धूळ खात लोंबतेय. घरातलं एवढंच सोनं आम्ही उघड्यावर ठेवतो.

भाच्याचा पुढचा उपाय होता क्लिअरटाइप. दर ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात, त्या वेगवेगळ्या उजळून अक्षराची कड गुळगुळीत करायची, अशी ती युक्ती; २००१ सालच्या एक्सपीपासून विंडोजमध्ये आहे. तिची घडी बसवायला एक खिडकी उघडते, तीत एकाच मजकुराचे चौकोन मांडलेले असतात आणि ती विचारते: ह्यातलं कुठलं जास्त चांगलं दिसतं? आता बरं की आता? मी दचकून नाकावर हात नेला. असली पाच पानं. सगळे चौकोन सारखेच गढूळ. चेहरा बघायला समोर डॉक्टरही नाही. मी प्रत्येक पानावर मधला चौकोन निवडला, कुणाचं मन दुखवायला नको म्हणून.

एवढ्यावर थांबलो नाही. मॉनिटरच्या खालच्या कडेला, दिसणार नाहीत अशा जागी, पाच सारखी बटणं असतात. अंधारात देवघरातली काडेपेटी चाचपावी तशी ती चाचपायची. दोनदा मॉनिटर बंद केला, एकदा त्याची भाषा कसली तरी होऊन बसली, मग ‘शार्पनेस’ नावाची गोष्ट सापडली. ती शंभरावर नेली. अक्षरं धारदार झाली नाहीत, त्यांच्याभोवती पांढरी प्रभावळ उमटली, कॅलेंडरवरच्या देवासारखी. शेतीचा अंक देवस्थानाच्या माहितीपुस्तिकेसारखा दिसायला लागला. त्याच प्रभावळीत मी अंक तपासून दिला.

शेजारचा पॉलिटेक्निकचा पोरगा बहिणीच्या लग्नाची पत्रिका तपासून घ्यायला आला नसता तर मी आणखी एक चष्मा केला असता. मी पडद्याला नाक लावून ‘चि. सौ. कां.’वरचं टिंब शोधत होतो. तो मागं उभा राहून म्हणाला, ‘काका, काय हुंगायलात?’ मी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यानं खाली हात घालून, न चाचपता, एका फटक्यात मेनू उघडला.

‘ही मेनूतली अक्षरं कशी दिसायलीत?’

‘चांगली आहेत की.’

‘स्वच्छ?’

‘लई स्वच्छ.’

‘मग डोळ्याला काय झालं?’

बायको दारात चहा घेऊन उभी होती. कुणी काही बोललं नाही.

मेनू मॉनिटर स्वतः काढतो, स्वतःच्या काचेवर, लॅपटॉपला न विचारता. तो स्वच्छ आहे म्हणजे काच निर्दोष, डोळे निर्दोष. लॅपटॉपकडून येतंय त्यातच गोम. त्याच मेनूच्या कोपऱ्यात येणाऱ्या चित्राच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचा आकडा होता: १३६६ × ७६८. पोरगा म्हणाला, ‘काका, हा मॉनिटर १९२० × १०८० चा आहे. सुरू करताना तो सांगत नाही का?’

सांगत होता. रोज सकाळी चालू केला की मधोमध एक निळी चौकट यायची, चारेक सेकंद, इंग्रजीत: ह्या मॉनिटरसाठी योग्य रिझोल्युशन १९२० × १०८०. ती मी रोज बटण दाबून घालवत होतो. मला वाटलं जाहिरात आहे. वाचणं हा ज्याचा धंदा, त्यानं महिनाभर एक चौकट वाचली नव्हती. आणि ती चौकटही मेनूसारखीच, अगदी स्वच्छ अक्षरांत यायची.

झालं होतं असं. पहिल्याच दिवशी मी विंडोज आणि पी ही दोन बटणं दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलं होतं, म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं आपल्या घरात बरं दिसत नाही. पण दोघांना एकच ताट वाढायचं तर ते लहानाच्या पोटाच्या मापानं वाढलं जातं. माझ्या लॅपटॉपचे ठिपके १३६६ × ७६८, म्हणजे साधारण १० लाख ४९ हजार. मॉनिटरचे २० लाख ७३ हजार. लॅपटॉप आपल्या मापाचं चित्र धाडायचा आणि मॉनिटर ते ताणून बसवायचा.

आडवं आणि उभं दोन्हीकडं नेमकं दुप्पट ताणलं असतं तर एवढं बिघडलं नसतं, प्रत्येक बाजूला एका ठिपक्याचे सरळ दोन झाले असते. पण आडव्या ओळीत १३६६ चे १९२० करायचे म्हणजे साधारण पाचाचे सात. आमच्याकडच्या लग्नात पंगत बसलीय, पाच पत्रावळींचं वाढून झालंय आणि ऐन वेळी सात पाव्हणे टेकले. मग प्रत्येकाच्या पुढ्यात थोडी आपली, थोडी शेजारच्याची पत्रावळ सरकवायची. येसराची आमटी बुंदीत, बुंदी भातात. काळा ठिपका धड काळा नाही, पांढरा धड पांढरा नाही, मधे राखाडी काला. जाड ‘क’ ह्यातून निभावतो. टिंबाचा जीव केवढा? ते पहिल्या वाढपातच आमटीला लागतं.

पोरानं ‘एक्स्टेंड’ केलं, म्हणजे दोन्ही पडद्यांना वेगवेगळं ताट, दुसऱ्या पडद्याला १९२० × १०८० लावलं, शार्पनेस मूळ जागी आणला. पडदा क्षणभर काळा झाला. मग ‘कां’वरचं टिंब आलं. गोल, काळं, काठोकाठ, कपाळावर कुंकू लावावं तसं. मी ते बराच वेळ बघत बसलो. वेळ लागला एक मिनिट, पैसे लागले एक कप चहा. तेवढंच उत्तर शोधायला मी तीन हजार आठशे पन्नास रुपये खर्चले होते.

सुख पचत नाही, ते वेगळंच. दोन दिवसांनी अक्षर अजून मोठं असावं म्हणून मी स्केलिंग १२५ टक्के केलं, तर जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा गढूळलं. बाकी सगळं लख्ख. त्या बिचाऱ्याला सव्वापट ही भानगडच माहीत नाही, म्हणून विंडोज त्याचं तयार चित्रच ताणतं. पुन्हा पाव्हणे, पुन्हा पंगत. मी मुकाट शंभर टक्क्यांवर आलो. ‘एक्स्टेंड’मुळं माऊसचा बाण अधूनमधून लॅपटॉपच्या पडद्यावर निघून जातो आणि मी इकडं शोधत बसतो, पण तो प्राणी निदान घरातच असतो.

स्वच्छ पडद्यावर मी पहिल्यांदा उघडला तो छापून गेलेला अंक. पान सतरा. एकरी दोन ट्रॅक्टर. टिंब असं ठणठणीत बसलं होतं की आता ते मला रस्त्यापलीकडूनही दिसलं असतं.

संपादकांना आपणच आधी सांगावं म्हणून फोन हातात घेतला, तर त्यांचाच आला. ‘पान सतरा बघितलं का?’ म्हणाले. मी म्हटलं, हो. म्हणाले, ‘गंगाखेडकडचे एक शेतकरी आहेत लाइनवर, प्रूफ कुणी बघितलं म्हणून विचारायलेत. देऊ का?’ मी नाही म्हणायच्या आत त्यांनी जोडून दिलं.

पलीकडून शांत, म्हातारा आवाज आला. ‘साहेब, तुम्ही एकरी दोन ट्रॅक्टर लिवलंय. आमच्याकडं त्याच्याहून लई जास्त निघंल. कुठं आणून टाकायची तेवढं सांगा.’