चौथ्या हुकुमाची किंमत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ब्रिजमधल्या ‘तीन किलवर’ या बोलीवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: भिडूच्या ‘एक बदाम’वर चार बदाम आणि सात पॉइंट (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक) असताना सरळ ‘दोन बदाम’ (बदाम हुकूम, सहा अधिक दोन असे आठ हात) म्हणायचं सोडून ‘तीन किलवर’ ही किलवरशी संबंध नसलेली, बदामाची चार पानं आहेत असं सांगणारी सांकेतिक बोली शिकवणं म्हणजे नवशिक्यांना गोंधळात पाडणं, त्यात कुणी विसरला तर सत्यानाश, आणि एवढं करून पदरात काही पडत नाही.

विसरण्याचं मान्य, बिनशर्त. माझ्या ‘तीन किलवर’वर माझ्याच भिडूने एकदा शांतपणे पास म्हटलं होतं, आणि खरोखरच किलवर हुकूम झालं. त्याच्याकडे किलवरची दोन पानं, माझ्याकडे तीन. आठ हुकूम समोरच्यांकडे! घरी जाताना आम्ही क्रिकेटवर बोललो.

पण पदरात काही पडत नाही, हे पटलं नाही. पानं मांडूनच बघा. भिडूकडे इस्पिक एक्का-८-३, बदाम एक्का-राणी-गुलाम-७-५, चौकट राजा-६-३, किलवर ९-७. तुमच्याकडे इस्पिक ७-४-२, बदाम राजा-९-६, चौकट एक्का-८-५, किलवर १०-६-४-२. हात होतात आठ: बदामाचे पाच, इस्पिकचा एक, चौकटचे दोन. आता तुमची इस्पिकची दुरी काढा आणि तिच्या जागी बदामाची तिरी द्या. पॉइंट तेच सात, पण भिडूचं तिसरं इस्पिक तुमच्या हुकुमाने मारता येतं. नववा हात झाला. ‘दोन बदाम’ बोलून ही दोन्ही प्रकारची पानं भिडूला सारखीच दिसतात, माझी तक्रार एवढीच आहे.

शिवाय दुरी गेली म्हणजे ती समोरच्यांकडे गेली. त्यांची इस्पिकं सातची आठ झाली. उरलेली पानं सरळ वाटली गेली असतील तर ‘दोन इस्पिक’, म्हणजे आठ हात, त्यांचा होतो. आमचे नऊ हुकूम, त्यांचे आठ, आणि दोन्ही बाजूंचे हात मिळून सतरा! फ्रान्सच्या ज्याँ-रने व्हर्न यांनी १९६९ साली ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात मांडलेला नियम तो हाच: दोन्ही बाजूंचे हुकूम मिळून जितके, तितकेच दोन्ही बाजूंचे हात. दर वेळी इतका नेमका जुळत नाही, हेही खरं.

तुम्ही म्हणाल, ते दोन इस्पिक बोलले की मी तीन बदाम बोलेन. बोलाल, पण तोवर त्यांना आपलं इस्पिक जुळतं हे कळलेलं असतं. ‘तीन किलवर’ आधीच आलं तर त्यांना पहिलीच बोली तिसऱ्या पातळीवर करावी लागते, तीही अंदाजाने. चौदा पॉइंटवाला भिडू ‘तीन बदाम’ म्हणून थांबतो आणि नऊ हात होतात.

मार्टी बर्गन यांच्या या पद्धतीत ‘तीन किलवर’ म्हणजे चार हुकूम आणि सात ते दहा पॉइंट, ‘तीन चौकट’ म्हणजे दहा ते बारा, आणि थेट ‘तीन बदाम’ म्हणजे त्याहून कमी, नुसती अडवणूक. तीन हुकूम असतील तर तुमचं ‘दोन बदाम’च बरोबर, त्याला मी हात लावलेला नाही.

एक चूक मात्र माझी. भिडूनंतर मधल्या विरोधी खेळाडूने ‘डबल’ ही बोली दिली किंवा रंग बोलला तर आम्ही ही पद्धत सोडून देतो, आणि मूळ लेखात मी ‘नेहमी’ असं लिहून बसलो होतो. तो शब्द आज काढला. आणि बोली कृत्रिम असल्याने अलर्ट करायला (समोरच्यांना तसं सांगायला) विसरू नका, ही ओळही घातली.