लिलिथला बायबलमधून कुणी काढलं?

‘आदामाची पहिली बायको हव्वा नव्हे, लिलिथ. तीही मातीतूनच घडली, बरोबरीचा हक्क मागू लागली, म्हणून धर्मगुरूंनी तिला बायबलमधून काढून टाकलं आणि बरगडीतून घडवलेली आज्ञाधारक हव्वा तेवढी ठेवली.’ महिला दिन जवळ आला की हा मजकूर हमखास फिरतो. पाठवणाऱ्यांची चीड मला पटते, माझीही तीच आहे. पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही, आणि त्यापायी ज्यू परंपरेतला खरा वाद झाकला जातो.

‘काढून टाकलं’ हे आधी घेऊ. हिब्रू बायबलमध्ये लिलिथचं नाव एकदाच येतं, यशया ३४:१४ मध्ये. उजाड झालेल्या अदोम देशात रानटी जनावरांसोबत ती विसावते, एवढंच. ते नाव आजही तिथेच आहे. मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांत, आदाम-हव्वाची गोष्ट सांगणाऱ्या उत्पत्तीच्या पुस्तकाचे तुकडे आहेत. त्यांतही आदामाला दुसरी बायको नाही. तालमूद या ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहातली लिलिथ लांब केसांची, पंखांची, घरात एकट्या झोपलेल्याला धरणारी. आदामाशी लग्न तिथेही नाही.

मग भांडणाची गोष्ट कुठली? ती ‘बेन सिराची वर्णमाला’ या साधारण आठव्या ते दहाव्या शतकातल्या, बऱ्याच अंशी थट्टेखोर ग्रंथातली. तोवर बायबलची पुस्तकं ठरून कित्येक शतकं उलटली होती. म्हणजे गोष्ट वगळली गेली नाही, ती नंतर रचली गेली. ‘आपण दोघेही मातीचेच’ असं त्यात लिलिथ आदामाला सुनावते, देवाचं गुप्त नाव उच्चारून उडून जाते, आणि तीन देवदूत तिला आणायला गेले तरी परतत नाही. पण पुढेही वाचा: मुलगा आठ दिवसांचा आणि मुलगी वीस दिवसांची होईपर्यंत तिच्यावर माझी सत्ता, असं तीच म्हणते, देवदूतांची नावं लिहिलेला ताईत दिसला तर मात्र बाळाला हात लावणार नाही. गोष्टीला सांगायचं आहे ते ताईताचं कारण.

लिलिथच्या या भीतीचं रूप इराकमधल्या निप्पूरच्या उत्खननात हाती लागलं. मातीचे साधे वाडगे, आत गोल गोल फिरत जाणारी अरामी अक्षरं, काहींच्या तळाशी साखळदंडात जखडलेली आकृती. असे वाडगे घरात पालथे पुरत. काहींवर लिलिथला चक्क घटस्फोटाचा कागद लिहून दिलाय! बायकांच्या नावाने लिहिलेले वाडगेही आहेत. बाळंतिणीच्या खोलीत ती कुणाची नायिका नव्हती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ज्यू स्त्रीवाद्यांनी तिला नवा अर्थ दिला, तो उघडपणे नवा म्हणून. मला तो आवडतो.

राहिली बरगडी. मूळ हिब्रू शब्द ‘त्सेला’. बायबलमधल्याच निर्गम २६:२० मध्ये हाच शब्द निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, बाजूसाठी आहे. उत्पत्ती १:२७ म्हणतं, नर आणि नारी अशी ती निर्माण केली. दुसऱ्या अध्यायात स्त्री नंतर येते. ही विसंगती रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, लपवली नाही, तिच्यावर ते भांडले. मिद्राश या रब्बींच्या जुन्या भाष्यग्रंथात रब्बी श्मुएल बार नहमान म्हणतात, पहिला माणूस दोन तोंडांचा होता, देवाने त्याला करवतून दोन पाठी केल्या. कुणी आक्षेप घेतला, ‘पण बरगडी लिहिलंय ना?’ उत्तर आलं, ‘बाजू’, निर्गमचाच दाखला देऊन. त्याच मिद्राशमध्ये बायकांना कमी लेखणारे उतारे आहेत, तेही सांगायलाच हवेत. पण ‘बाजू’ हा अर्थ अकराव्या शतकात फ्रान्समधल्या राशी या भाष्यकाराने आपल्या भाष्यात घेतला, आणि पारंपरिक ज्यू घरांतली मुलं आजही तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, शिकतात ती त्याच भाष्यासकट.