नसलेली लायब्ररी आधी सांगायला काय हरकत आहे?

सोर्स कोडमधून पायथन (प्रोग्रॅमिंग भाषा) बांधायला, म्हणजे कंपाइल करायला घेतले की दर वेळी तोच मनस्ताप वाट्याला येतो आणि आता माझा संयम सुटत चालला आहे. परवा सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीच्या जुन्या सर्व्हरवर पायथन ३.११ हवे होते. यंत्रावर काय आहे, काय नाही ते तपासणारे कॉन्फिगर विनातक्रार पार पडले, प्रत्यक्ष बांधणी करणारे मेक सुरू झाले, कंपायलरच्या ओळी पडद्यावरून सरकत राहिल्या आणि सगळे आटोपल्यावर, अगदी तळाशी, सुरक्षित नेट-जोडणीचे एसएसएल मॉड्यूल बांधता आले नसल्याची सूचना उमटली. त्या मॉड्यूलसाठी ३.१० पासून पायथनला ओपनएसएसएल या लायब्ररीची १.१.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते आणि या सर्व्हरवर मुळात १.०.२ आहे. ही गोष्ट कॉन्फिगर तपासते, 'नो' अशी नोंदही करते, पण ती नोंद शेकडो ओळींच्या गर्दीत पुरून पुढे चालू लागते! एसएसएल नसेल तर पायथनची पॅकेजेस आणणारे पिप एकही पॅकेज उतरवू शकत नाही. मग असे पायथन घेऊन माणसाने करायचे काय?

एसएसएलचे किमान लगेच कळते तरी. लिबएफएफआय या दुसऱ्या लायब्ररीच्या, बांधणीला लागणाऱ्या हेडर फाइली नसल्या तर इन्स्टॉलही सुरळीत होते आणि चार दिवसांनी, भलत्याच प्रोग्रॅममध्ये, अंडरस्कोर लावलेले 'सीटाइप्स' हे तिच्यावर अवलंबून असलेले मॉड्यूल सापडत नसल्याची तक्रार येते. त्यानंतर त्या हेडर फाइलींचे डेव्हल पॅकेज टाका, मेक क्लीन करून जुनी बांधणी पुसा आणि पुन्हा पहिल्यापासून बांधा. ज्याला ही मॉड्यूल्स नकोत त्याने तसे स्पष्ट कळवावे. बाकी सर्वांसाठी कॉन्फिगरने तिथेच थांबले पाहिजे.