बरं आहे म्हणा, शून्य घ्या

घरातल्या मनोरुग्णाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला निघालात? मग आदल्या दिवशी त्याची दाढी-कटिंग उरकून घ्या आणि इस्त्रीचा शर्ट काढून ठेवा. चार लोकांत जायचं आहे. सहा महिने त्यानं वस्तऱ्याला हात लावला नव्हता, हे नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना कळून काय उपयोग?

आजारामुळे रोजच्या जगण्यात किती अडचण येते, ते मोजायची पद्धत बदलली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. पूर्वी जीएएफ नावाची १०० गुणांची पट्टी होती. लक्षणं किती आणि काम किती जमतं, दोन्ही एकाच आकड्यात कोंबायचं आणि दोहोंत जे जास्त वाईट त्यावर आकडा ठरवायचा. २०१३ साली डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकानं ती पट्टी काढून टाकली आणि जागतिक आरोग्य संघटनेची ३६ प्रश्नांची व्हूडास ही पट्टी सुचवली. इथे आकडा उलटा चालतो. जीएएफमध्ये ७० म्हणजे किरकोळ त्रास, व्हूडासच्या शंभरात ७० म्हणजे भरपूर अडचण. तुम्ही मात्र बोर्डाच्या निकालासारखंच वाचा, फर्स्ट क्लास आला म्हणून गल्लीत पेढे वाटा. व्हूडास गेल्या ३० दिवसांचं विचारते. एक किलोमीटर चालायला किती अडचण, असाही एक प्रश्न आहे. (तब्येतीमुळे होणारी अडचण. मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीवरून चालायची नव्हे. त्या हिशेबानं अख्खं नागपूर दिव्यांग ठरेल.)

प्रमाणपत्राला मात्र आपल्याकडची आयडियाज पट्टी लागते. तिचे चार भाग: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४, शून्य म्हणजे अडचण नाही. आजार किती वर्षांचा, त्याचे आणखी १ ते ४. एकूण २०, आणि सवलतींचा उंबरठा ४० टक्के. तो ओलांडायचा नसेल तर पुढचं नीट वाचा.

डॉक्टर विचारतील, "अंघोळ करतो का?"

आईनं ताबडतोब म्हणावं, "करते नं बाप्पा, रोज करते."

बादली तिनंच भरलेली असते. हाका पाचदा मारलेल्या असतात. साबण हातात दिलेला असतो, आणि तरी तो मोरीत अर्धा तास नुसता उभा असतो. पट्टीला हेच हवं असतं: सांगावं लागतं का, हात लावावा लागतो का, की सगळंच दुसऱ्यानं करायचं. "करते" या एका शब्दात ते सगळं वाहून जातं आणि रकान्यात शून्य बसतो. आईची माया अशी कागदावर उतरते.

शेजारच्या काकूंना सोबत नेऊ नका, त्या खरं बोलतील. दिवसभर सोबत असणारी वहिनीही नको. महिन्यातून एकदा पुण्याहून येणारा मोठा भाऊ न्यावा. त्याला सगळं "तसं ठीकच" दिसतं.

आजार कधीपासून, या प्रश्नाला पहिल्या सरकारी केसपेपरची तारीख सांगा. त्याआधी तीन वर्षं तो रात्र-रात्र जागत होता, कॉलेज सुटलं होतं, दर गुरुवारी तुम्ही त्याला ताजबागच्या दर्ग्यात नेत होता, ते मोजू नका. दोन वर्षांच्या आतला आजार १ अंक, दहाच्या वरचा ४. इथला अंक फुकट मिळत असतो, तो सोडायला खास हिंमत लागते. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि भरतीचे कागद दिवाळीच्या सफाईत गेले असतील तर फारच छान.

कामाचा भाग नोकरी, घरकाम, शिक्षण यांपैकी जे त्याचं असेल त्यावर मोजतात. इतवारीत काकाच्या दुकानात बसतो ना? "दुकान सांभाळतो" सांगा. सकाळी काका त्याला स्कूटरवर आणतात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवतात, गिऱ्हाईक आलं की तो आत जातो, पैसे काका मोजतात. दुपारच्या डब्यानंतर काका त्याला घरी सोडतात आणि पगार म्हणून पन्नासची नोट त्याच्या खिशात घालतात. तीही संध्याकाळी आई काढून ठेवते, हरवेल म्हणून.

कमावता पोरगा आहे तुमचा. तसंच लिहून या.