प्लायच्या न दिसणाऱ्या बाजूबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅम्पर व्हॅनच्या (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीच्या) आतल्या प्लायला मागूनपुढून हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि मेणाचं फिनिश, लावावं असं माझं म्हणणं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. कॅम्पर व्हॅनमध्ये हार्डवॅक्स ऑइल टिकत नाही, बोटीचं वार्निश तीन हात मारावं. प्लायच्या मागच्या बाजूला फिनिश म्हणजे पैसे वाया. आणि कपाटांना एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली शीट) चालतं.

आधी मागची बाजू, कारण लाकूड बिघडायला सुरुवात तिथूनच होते. रात्री व्हॅनचा पत्रा गार पडतो आणि श्वासाची, स्वयंपाकाची वाफ त्यावर पाणी होऊन बसते. पॅनल पुढून बंद आणि मागून कोरं असलं की मागची बाजूच ओल पिते, फुगते. 6 मिमीच्या पॅनलला तर हमखास बाक येतो. त्याहून वाईट म्हणजे कडा. कापलेल्या कडेला, स्क्रूच्या भोकात लाकडाच्या रेषांची टोकं उघडी असतात. तिथे ऑइलचा पहिला हात पातळ द्या आणि शोषणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्या. हे सगळं पॅनल बसवण्याआधी.

बोटीचं वार्निश लवचिक असतं, मान्य. पण ते उन्हापावसासाठी केलेलं असतं आणि तुलनेने मऊ राहतं. टेबलावर ठेवलेल्या गरम भांड्याचा ठसा उमटतो. गाडी चालताना बॉडी पिळवटते, सांध्यांवर थराला केसाएवढी चीर जाते, पाणी आत शिरतं आणि थराखालीच अडकतं. लाकूड काळं पडतं, पापुद्रे सुटतात. मग सगळं पॅनल खरवडा! ऑइलचा ओरखडा तेवढ्यापुरता 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पातळ हात देऊन बुजतो. ऑइल चिकट राहतं ही तक्रार बहुतेक वेळा थर जाड ठेवल्याची असते. 120, मग 180 नंबरने घासून थांबा, ऑइल चोळा आणि डब्यावरच्या वेळेत जादा पुसून काढा.

सिंकच्या ओट्याबाबत मात्र तुमचं बरोबर आहे. साचलेल्या पाण्यापुढे ऑइल कमी पडतं. तिथे लॅमिनेट लावा, खालूनही, आणि सिंकसाठी कापलेल्या कडेला इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन).

एमडीएफ नकोच. 8×4 फुटांची 12 मिमीची शीट साधारण 27 किलो भरते, पॉप्लर या हलक्या लाकडाच्या प्लायची 16 च्या आसपास. शिवाय एकदा फुगलेलं एमडीएफ पूर्ववत होत नाही.

आणि ऑइलची फडकी चुरगाळून व्हॅनमध्ये टाकू नका. वाळताना ती तापून आपोआप पेटू शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.