कुंदा, कुटुंब आणि फेसबुक

बेळगावच्या शहापुरात आमचा कुंद्याचा घरगुती धंदा आहे आणि फेसबुकचं खातं एकच. दूध आटवायचं, दही घालून ते फाडायचं, साखर टाकून तांबूस होईस्तोवर परतत राहायचं. एवढ्यात कुठला फोटो कुठे चढतोय हे बघायला सवड कुणाला? सकाळी कढई, दुपारी सासऱ्यांची एकसष्टी, रात्री परत कढई, असं आमचं खातं नांदतं.

भाचीला मुलगा झाला. दुपट्यात गुंडाळलेलं ते गुलाबी गाठोडं मी कौतुकानं चढवलं. बैलहोंगलच्या गिऱ्हाइकानं फोटो न बघताच खाली विचारलं, "किलो एष्टु री?" म्हणजे किलो किती हो? एवढं कानडी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं, मग आत्याला येणारच. तिनं अभिमानानं उत्तर दिलं, "३ किलो २००. नॉर्मल."

"नॉर्मल ब्याड री, स्पेशल कळस्री." म्हणजे नॉर्मल नको, स्पेशल पाठवा.

आमच्या स्पेशलमध्ये काजू असतो. भाचीच्या सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

नातेवाईक तर गिऱ्हाइकांचे बाप. जाहिरातीखाली मावसभाऊ सगळ्यांदेखत लिहितो, "आम्हाला फुकट देतोस खरं, लोकांना एवढा भाव कशाला लावतोस गा?"

पोरगा म्हणाला, "पप्पा, व्हॉट्सॲप बिझनेस घ्या." हे ॲप २०१८ सालापासून आहे. वेगळ्या नंबरवर घ्यायचं, मालाची यादी लावायची. कुणी पहिल्यांदा मेसेज केला की नमस्कार आपोआप जातो. घेतलं. पाहुण्यांनी तोही नंबर हुडकून काढला. एका रात्री काकूचा मेसेज आला, "काकांना दवाखान्यात ॲडमिट केलंय." आमच्याकडून तत्काळ उत्तर, "नमस्कार! आपले मनःपूर्वक आभार. किती बॉक्स हवेत?" काका बरे होऊन घरी आले आणि आल्या आल्या बॉक्स मागितला. त्यांना शुगर आहे, म्हणून काकूनं तो रागही माझ्यावरच काढला.

पण खरी कसोटी १ नोव्हेंबरची. कर्नाटकाचा सरकारी राज्योत्सव तो, आणि मराठी गल्ल्यांतला १९५६ पासूनचा काळा दिनही तोच. माझा स्टेटस बघणाऱ्यांच्या यादीत वर युवक मंडळाचा अध्यक्ष, खाली हुबळीचा घाऊक व्यापारी. बॉक्सवर 'बेळगाव' छापलं तर एक रुसतो, २०१४ पासूनचं 'बेळगावी' छापलं तर दुसरा. म्हणून यंदा एक अक्षर न लिहिता नुसता कुंद्याचा फोटो ठेवला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

अध्यक्षांचा फोन आला, "काका, कन्नडचा लाल-पिवळा झेंडा ठेवलाय काय?"

बघितलं तर खरंच, कुंदा तांबडा, खालचा डबा पिवळाधमक. घाईघाईनं तो फोटो काढला आणि रिकाम्या कढईचा टाकला.

कढई काळी. पाचच मिनिटांत हुबळीहून फोन.