झुंज रक्तातच असते, तर रेघ कशाला आखावी लागते?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. सोबत चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ. गोठ्यामागे पत्रे लावून केलेला चौकोन, भोवती पोरांचा गराडा आणि मध्ये दोन पिटबुल. एकाने दुसऱ्याचा गळा धरलाय तो सोडतच नाही. खाली लिहिलंय: ‘झुंज पिटबुलच्या रक्तातच असते, आपण फक्त मैदान देतो. मालक त्याला पोटच्या पोरासारखा जपतो. ही आपली मर्दानी परंपरा आहे. बैलगाडा शर्यत चालते, मग हे का नाही? कोंबडी खाणाऱ्यांनी तर बोलूच नये. आणि हरलेला कुत्रा पिसाटतो, माणसांवर जातो, त्याला संपवणं हीच दया.’

पाठवणाऱ्यांत माझा एक मावसभाऊ आहे. मनाने चांगला आहे, घरी दोन गावठी कुत्री सांभाळतो. असल्या माणसालाही पटावं असाच तो मजकूर रचलाय, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

पहिलं वाक्य सगळ्यात जास्त पटतं, तेव्हा त्याच्यापाशीच जास्त वेळ थांबावं लागेल. झुंज रक्तात असते म्हणे.

आमच्या आळीत मटणाच्या दुकानामागे रोज संध्याकाळी कुत्र्यांचं भांडण होतं. आमचा काळू आणि पलीकडच्या आळीतला तांबडा. मानेवरचे केस उभे, दात विचकलेले, आवाज तर असा की माणसं गॅलरीत येऊन बघतात. पण काही सेकंदांतच दोघांपैकी एक मान वळवतो, शेपूट पायात घालतो, फारच झालं तर उताणा होऊन पोट दाखवतो. दुसरा त्याच्यावर उभा राहून थोडा गुरगुरतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. एखाद्या दिवशी कान फाटतो, तेवढंच. ‘हरलो, सोड’ असं सांगायची रीत कुत्र्यांकडे आहे आणि समोरचा ते ऐकतोही.

आता झुंजवाल्यांचे नियम बघा. हा खेळ इंग्लंड-अमेरिकेत बेतला गेला, नियमही तिथलेच. चौकोनात दोन्ही कोपऱ्यांसमोर एकेक रेघ मारतात, तिला स्क्रॅच म्हणतात. झुंज चालू असताना एखाद्या कुत्र्याने तोंड फिरवलं की दोघांना सोडवून आपापल्या कोपऱ्यात नेतात. मग ज्याने तोंड फिरवलं त्याला पुन्हा सोडतात. ठरलेल्या सेकंदांत, बहुधा दहा, त्याने रेघ ओलांडून समोरच्याच्या अंगावर जायलाच हवं. नाही गेला तर हरला, आणि हरलेल्याचं पुढे काय होतं ते खाली येईलच.

हा नियम मला कुणी पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. कुत्रा थांबू पाहतो म्हणून तर हा नियम करावा लागला. तोंड फिरवणं हे त्याचं ‘पुरे’ असतं, आणि त्या ‘पुरे’ला उत्तर म्हणून त्याला परत रेघेवर आणून उभा करतात. ‘आपण फक्त मैदान देतो’ म्हणणाऱ्यांनी ही रेघ कुणी आखली तेवढं सांगावं.

पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या जातीत झुंजायची ईर्षा वाढवलीय हे मात्र खरं, ते मी नाकारत नाही. इंग्लंडमध्ये बैलाला किंवा अस्वलाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे. १८३५ साली तिथल्या संसदेने ते बंद केलं. एवढा मोठा बैल लपवणार कुठे? मग शौकिनांनी दारूच्या गुत्त्यांत, तळघरांत कुत्र्यालाच कुत्र्याशी लावायला सुरुवात केली, त्यासाठी बुलडॉग आणि चपळ टेरियर यांचा संकर केला. पिटबुल त्यातून आला. नावातलं ‘पिट’ म्हणजे तोच झुंजीचा खड्डा. म्हणजे त्याच्या रक्तात जे काही आहे ते माणसाने, पैजेच्या हिशेबाने घातलेलं आहे.

त्याच निवडीची दुसरी बाजू मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी. झुंज चालू असताना माणसं त्याच चौकोनात उभी असतात. आवळलेला जबडा सुटत नाही तेव्हा दाढांमध्ये लाकडी पाचर घालून तो उघडतात, कुत्र्याला उचलून नेतात. झुंजीआधी एकमेकांचे कुत्रे धुवायची पद्धत आहे, कारण कातडीला विष चोळून आणल्याचा संशय असतो. म्हणजे परक्या माणसाने अंगाला हात लावला तरी कुत्र्याने चावता कामा नये. जो चावेल त्याची पैदास पुढे चालवायची नाही, असा झुंजवाल्यांचा रिवाज सांगतात, तो नेहमीच पाळला गेला असं नाही. तर असा हा प्राणी. गळा फाटलेला, एक डोळा मिटलेला, तरी माणसाचा हात आला की गप्प उचलून घेऊ देणारा. याला तुम्ही खुनशी रक्ताचा म्हणता. मालक ‘जा’ म्हणतो म्हणून तो परत जातो. त्याच्या इमानावर पैसे लावले जातात.

‘मालक पोटच्या पोरासारखा जपतो.’

मी पशुवैद्य नाही. भटक्या कुत्र्यांच्या जखमा धुणं, किडे काढणं, डॉक्टर येईपर्यंत धरून बसणं, एवढंच काम काही वर्षं करतेय. एका पावसाळ्यात हायवेजवळच्या नाल्याकाठी एक पिटबुल सापडला. गाडीने उडवला असेल असं वाटलं. पण गाडीने उडवलेलं कुत्रं एका बाजूने खरचटतं, त्याचा खुबा नाहीतर मागचा पाय जातो. याचं मागचं अंग अगदी साफ होतं. होतं ते सगळं पुढे: थोबाड, गळा, छाती, पुढचे दोन्ही पाय. जुने वण पांढुरके पडलेले, त्यांच्यावर नव्या जखमा. कान मुळापासून कापलेले. वरून तुरीच्या दाण्याएवढं भोक आणि आत बोट जाईल एवढी पोकळी, कारण सुळा आत रुतवून हिसडा दिला की कातडी मांसापासून सुटते. खालच्या ओठाला चार टाके होते, शिवणकामाच्या काळ्या दोऱ्याचे.

तो दोरा बघून डॉक्टर म्हणाले, “याला दवाखान्यात का नाही नेला, कळलं ना?” नेला तर जखमा कशाच्या हे विचारलं जाईल. म्हणून टाके घरी, इंजेक्शन घरी, सलाईनसुद्धा घरी. झुंज तासभर, कधी दोन तासही चालते. चौकोनात जीव जातो त्यापेक्षा नंतर जातो, रक्त गेल्याने, शरीरातलं पाणी आटल्याने, धक्क्याने, जखम सडल्याने. त्या रात्री किंवा चार दिवसांनी. जिंकलेलाही असा मरतो.

त्या कुत्र्याला मी रोज दोनदा धूत होते. पोकळीत औषधाचं पाणी सोडलं की थरथरायचा, मान माझ्या मांडीवर टाकायचा, पण एकदाही दात दाखवले नाहीत. अकराव्या दिवशी गेला. पोटच्या पोराला असा नाल्याकाठी कोण टाकतं?

आता परंपरा. माझ्या आजोबांनी पिटबुल हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. मेंढ्यांच्या टकरी, रेड्यांच्या झुंजी, विदर्भातला कोंबडबाजार हे आपल्याकडे होतं आणि लपूनछपून अजूनही आहे, त्याचं मी समर्थन करत नाही. पण पत्र्याचा चौकोन, रेघ, वजनाप्रमाणे जोड लावणं हे सगळं परदेशी उसनं आहे. आपल्याकडे कुत्रा खंडोबाच्या बरोबर असतो, दत्ताच्या पायाशी असतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो.

आणि परंपरा खरोखरच जुनी असली म्हणून ती चालवावी असंही नाही. गोव्यात धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. १९९६ मध्ये अशा एका झुंजीत माणसाचा जीव गेला आणि १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बंद करायचा आदेश दिला. चोरून होतात, त्यांना मान्यता द्या अशी मागणीही अधूनमधून होते, पण कायद्याने बंदच आहेत.

बैलगाड्याचा मुद्दा वकिली थाटाचा आहे, म्हणून जरा नीट सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या मान्य केल्या. शर्यत असावी की नसावी यावर माझं आणि मावसभावाचं कधीच एकमत होणार नाही. पण आपली दुरुस्ती बैलगाडा शर्यतीपुरती आहे. कुत्र्यांच्या झुंजीला तिने कुठेही दार उघडलेलं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ तसंच उभं आहे: करमणुकीसाठी प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजवणं हा गुन्हा, झुंजीसाठी जागा चालवणं हा गुन्हा, पैसे घेऊन लोकांना आत सोडणं हाही गुन्हा. शिवाय आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक जागी पशुपक्षी झुंजवणाऱ्याला पोलीस त्याखाली वॉरंटशिवाय पकडू शकतात.

दुखणं वेगळंच आहे. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. आजही तेवढाच. हजारोंची पैज लावणाऱ्याला पन्नास रुपये म्हणजे चहा-वडापावचा खर्च. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. शिक्षा वाढवणारा मसुदा २०२२ मध्ये केंद्राने लोकांपुढे ठेवला होता. तो कायदा व्हायला हवा, आणि तो मागायला आपण आमदार-खासदारांच्या दारात जायला हवं. तोवर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ हाताशी आहे. प्राण्याला ठार मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार देताना हे कलम लावायचा आग्रह धरा.

‘कोंबडी खाता ना?’ खाते. कोंबडी कशी पाळावी, कशी मारावी यावर बोलायला मी कधीही तयार आहे. पण ताटातल्या कोंबडीचा तासभर जीव जाताना बघत मी टाळ्या वाजवत नाही. आणि एक चूक दाखवली म्हणून दुसरी माफ होत नाही.

राहिली ‘दया’. हे वाक्य सगळ्यात वाईट आहे, कारण इथे पुरावा लपवण्यालाच दया म्हटलंय.

एप्रिल २००७. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या सरी काउंटीत मायकल विक या नावाजलेल्या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर धाड पडली. पन्नासच्या वर पिटबुल सापडले. सोबतचे पुरावे असे होते की बचावाला फारशी जागा उरली नाही. चाचणीच्या झुंजीत कमी पडलेले सहा ते आठ कुत्रे फासावर लटकवून, पाण्यात बुडवून मारले गेले आणि त्यात आपलाही हात होता, हे त्याने कोर्टात कबूल केलं. डिसेंबरमध्ये त्याला २३ महिन्यांची कैद झाली.

उरलेल्या कुत्र्यांचं काय करायचं? तोवरचा शिरस्ता सरसकट मारायचा होता. काही मोठ्या प्राणिसंस्थासुद्धा ‘हे सुधारणार नाहीत, संपवा’ असंच म्हणत होत्या. या वेळी मात्र कोर्टाने एकेका कुत्र्याची तपासणी करून घेतली. एकोणपन्नास कुत्रे तपासले. हिंस्र म्हणून मारावा लागला असा निघाला फक्त एक, आणखी एकाला आजारपणामुळे मरण द्यावं लागलं. सत्तेचाळीस कुत्रे वेगवेगळ्या संस्थांकडे गेले, त्यांतले बावीस यूटामधल्या बेस्ट फ्रेंड्स या आश्रमात. त्यांच्या सांभाळासाठी विककडून नऊ लाखांहून अधिक डॉलर घेतले गेले. लिओ नावाचा कुत्रा पुढे कॅन्सरच्या रुग्णांना भेटायला जाऊ लागला. जॉनीसमोर बसून लहान मुलं मोठ्याने पुस्तकं वाचत, अडखळली तरी तो हसत नसे म्हणून. सगळेच असे सावरले नाहीत. काही शेवटपर्यंत आवाजाने दचकत राहिले, जमिनीला पोट लावून चालत राहिले. पण ‘पिसाटतो’ म्हणावं असे ते नव्हते. भेदरलेले होते.

त्या देशात पुढे काय झालं तेही ऐका. २००८ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत कुत्र्यांची झुंज लावणं हा गंभीर गुन्हा ठरला. २०१४ पासून नुसतं बघायला जाणंही तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला सोबत नेलं तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मला आलेल्या व्हिडिओत पत्र्याला टेकून सात-आठ वर्षांचा एक मुलगा उभा आहे. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे कान झाकलेत.

तो व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल तर पुढे पाठवू नका. पुसूनही टाकू नका, तोच पुरावा आहे. कुणाकडून आला, कोणत्या तारखेला आला, मागे एखादी पाटी, गाडीचा नंबर, विहिरीचा कठडा, देवळाचा कळस असं ओळखीचं काही दिसतंय का ते टिपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पोच मागून घ्या. झुंज चालू असल्याची खबर मिळाली तर ११२ ला फोन करा, एकटे तिथे जाऊ नका. आणि नाल्याकाठी, उकिरड्यावर पुढून फाटलेला, मागून धडधाकट असा कुत्रा दिसला तर धुवायच्या आधी त्याचे फोटो काढा. थोबाडाचे, गळ्याचे, पुढच्या पायांचे, आणि टाके असतील तर दोऱ्याचेसुद्धा. मी त्या वेळी काढले नव्हते.